फाउंडेशन बदलताना : जुन्या डिझेल गाडीच्या इंजिन माउंटिंगची निवड

बदली ही बँक कर्मचाऱ्याच्या पाचवीलाच पुजलेली असते. २०२३ च्या जून महिन्यात माझी बदली म्हैसूर येथे झाली, तेव्हा घरसामानाबरोबर वीस वर्षांची एक क्वालिस गाडीही आमच्यासोबत आली. सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात द्राक्षबाग करणाऱ्या माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती २००३ मध्ये घेतली होती. टोयोटा हे नाव त्या वेळी त्यांच्या फारसे परिचयाचे नव्हते. परंतु त्या नावाला किर्लोस्कर हे नाव जोडलेले होते, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसविलेली किर्लोस्करवाडी आमच्या गावापासून जवळच. अण्णांना तेवढी हमी पुरेशी वाटली. गाडी तयार झाली होती ती बेंगळुरू-म्हैसूर मार्गावरील बिडदीच्या कारखान्यात. वीस वर्षे उसाच्या आणि द्राक्षांच्या मुलखात राबून ती पुन्हा आपल्या जन्मगावच्या रस्त्यावर आली, असे म्हणावयास हरकत नाही. अण्णा २०२१ मध्ये गेले. त्यामुळे गाडीविषयीचा कोणताही निर्णय आमच्या घरात केवळ व्यवहाराचा उरला नव्हता.

म्हैसूरला आल्यानंतर काही महिन्यांतच गाडी थरथरू लागली. चामुंडी टेकडी आणि नंजनगूडचे श्रीकंठेश्वराचे मंदिर या आईच्या ठरलेल्या फेऱ्या. तिला मणक्याचा जुना त्रास आहे. एके दिवशी ती म्हणाली, "बाळ, ही गाडी थांबली की थरथरते आणि चालू लागली की गप्प बसते. उतरल्यावरही मला अंग हलल्यासारखं वाटतं. यापुढे मी आपली बसनं जात जाईन."

गाडी गॅरेजमध्ये दाखविली. तेथे इंजिन उघडावे लागेल असे सांगण्यात आले, आणि हाती पडलेले अंदाजपत्रक गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक होते. गावाकडून धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, एवढा खर्च करण्यापेक्षा विकून टाक." कर्जप्रकरण तपासणाऱ्या माणसाला हा सल्ला पटण्यासारखाच होता. तरीही दुसरे मत घ्यावे म्हणून गाडी एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडले, विजेरीच्या उजेडात खाली पाहिले आणि आपल्या दख्खनी हिंदीत निदान सांगितले, "इंजिन अच्छा है, सार. फाउंडेशन बैठ गया है."

फाउंडेशन म्हणजे इंजिन माउंटिंग. आपल्याकडील गॅरेजांमध्ये दोन्ही शब्द चालतात. पुढील वर्षभरात या लहानशा भागाविषयी जे शिकलो, आणि शिकताना जी चूक केली, ती जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्या आपल्या ग्राहकांना व सहकाऱ्यांना उपयोगी पडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

माउंटिंगचे काम काय?

इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बोल्टने आवळलेले नसते. दोहोंच्या मध्ये धातूच्या दोन पट्ट्यांना घट्ट चिकटविलेले रबर असते. क्वालिससारख्या मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाच्या दोन बाजूंना एकेक आणि गिअरबॉक्सखाली एक, अशी तीन माउंटिंग असतात. त्यांना दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. इंजिनाचे वजन पेलून त्याला जागच्या जागी धरून ठेवणे, हे पहिले. त्याची थरथर सांगाड्यापर्यंत पोहोचू न देणे, हे दुसरे. पहिल्या कामासाठी रबर कठीण असावे लागते आणि दुसऱ्यासाठी मऊ. माउंटिंग तयार करण्याचे सारे कौशल्य हा मध्य साधण्यात आहे.

डिझेल गाडीत हे काम अधिक अवघड होते. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारण नऊ ते अकरा पट दाबले जाते. डिझेल इंजिनात हवा पंधरा ते बावीस पट दाबली जाते. साहजिकच प्रत्येक ज्वलनाचा धक्का मोठा असतो. चार सिलिंडरचे इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ७५० फेरे घेत असेल, तर सेकंदाला असे २५ धक्के बसतात. रबरावर ठेवलेल्या इंजिनालाही, झोक्याला असावा तसा, स्वतःचा एक ताल असतो. हा ताल धक्क्यांच्या तालापेक्षा बराच संथ असेल, तर धक्के रबरातच जिरतात. रबर कठीण झाले की इंजिनाचा ताल वाढतो, तो धक्क्यांच्या तालाजवळ येतो आणि थरथर थेट आसनापर्यंत पोहोचते. गाडी वेगात असताना धक्के इतके जलद पडतात की दोन्ही तालांतील अंतर पुन्हा वाढते. थांबली की थरथरते आणि चालू लागली की गप्प बसते, हे आईचे निरीक्षण म्हणूनच अचूक होते.

रबरावर इंजिन बसविण्याची ही पद्धत रूढ होण्यात अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीचा मोठा वाटा आहे. १९३१ मध्ये तिने आपल्या प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर', म्हणजे तरंगती शक्ती, या नावाने ही रचना आणली. चार सिलिंडरची साधी गाडीही मोठ्या गाडीसारखी शांत चालू शकते, हे त्यामुळे ग्राहकांना पटले. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने पुढच्याच वर्षी ती स्वीकारली आणि तिच्या जाहिरातीसाठी पाण्यावर तरंगणाऱ्या हंसाचे चिन्ह वापरले.

माउंटिंग तुटणे ही केवळ गैरसोयीची बाब नाही, हेही इतिहासाने दाखविले आहे. १९७१ च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सला अमेरिकेत सुमारे ६७ लाख शेव्हरोले वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. त्या गाड्यांत माउंटिंगचे रबर धातूपासून सुटले की इंजिन उचलले जाई, त्याबरोबर थ्रॉटल ओढला जाई आणि गाडीचा वेग आपोआप वाढे. अखेर इंजिन उचलले जाऊ नये म्हणून तारेच्या दोराचे बंधन घालून देण्यात आले. आजच्या गाड्यांची रचना वेगळी आहे. तरीही सैल इंजिनाचा पंखा रेडिएटरच्या आवरणावर घासणे, नळ्यांवर ताण येणे, सायलेन्सरचा पाइप तडकणे, हे प्रकार घडतात. चामुंडी टेकडीच्या वळणावर हे घडू नये, एवढी काळजी तरी घ्यावयास हवी.

निदान आधी, खरेदी नंतर

थरथरणाऱ्या प्रत्येक गाडीचे माउंटिंगच बिघडलेले असते असे नाही. थरथर लंगडी असेल, म्हणजे मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटत असेल, तर इंजेक्टर किंवा एखादे सिलिंडर तपासावे. इंजिनाचे फेरे नेमून दिलेल्या संख्येपेक्षा कमी झाले असतील, तर केवळ ते योग्य केल्याने प्रश्न सुटतो. ठरावीक वेगालाच थरथर येत असेल, तर चाकांचा तोल आणि प्रोपेलर शाफ्ट पाहावा. क्वालिस, सुमो, बोलेरो यांसारख्या स्वतंत्र सांगाड्याच्या गाड्यांत सांगाडा आणि बॉडी यांच्यामध्येही रबरे असतात. तीही कुजलेली असू शकतात.

माउंटिंगची खूण पुढीलप्रमाणे : इंजिन सुरू किंवा बंद करताना जोराचा हिसका बसतो, क्लच सोडताना खालून धप्प असा आवाज येतो, गाडी उभी असताना गिअरची दांडी नको तितकी हलते. मिस्त्री यासाठी एक सोपी परीक्षा घेतात. हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय दाबून, पहिल्या व नंतर रिव्हर्स गिअरमध्ये क्लच किंचित सोडावयाचा आणि बॉनेट उघडे ठेवून इंजिनाची एक बाजू किती उचलली जाते ते पाहावयाचे. ही परीक्षा जाणकारानेच घ्यावी, आणि पाहणाऱ्याने गाडीच्या पुढे किंवा मागे उभे न राहता बाजूला उभे राहावे. आमच्या गाडीत डावीकडचे रबर धातूपासून अर्धे सुटले होते आणि उजवीकडचे दबून चपटे झाले होते.

यानंतर मिस्त्रींनी विचारलेला प्रश्न महत्त्वाचा होता : रबर मेले कशाने? उत्तर टॅपेट कव्हरपाशी सापडले. तेथून वर्षानुवर्षे झिरपणारे ऑइल माउंटिंगवर ठिबकत होते. नैसर्गिक रबर सततचा ताण आणि दाब सोसण्यात सरस असते, परंतु ऑइल किंवा डिझेल लागले की ते फुगते आणि आपली ताकद गमावते. गळती तशीच ठेवून नवे माउंटिंग बसविणे म्हणजे वसुलीची व्यवस्था न करता थकलेल्या खात्यावर नवे कर्ज देणे होय.

बाजारातील पर्याय

जुन्या गाडीसाठी माउंटिंग घ्यावयास गेले की साधारणपणे पाच पर्याय समोर येतात.

पहिला, गाडीच्या कंपनीचा मूळ भाग. किंमत सर्वांत जास्त. मॉडेल बंद झाले असल्यास वाट पाहण्याची तयारीही हवी.

दुसरा, सुटे भाग तयार करणाऱ्या नामांकित कंपन्यांचा, त्यांच्या स्वतःच्या नावाने विकला जाणारा भाग. खोक्यावर उत्पादकाचे नाव, भागाचा क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष असते. रास्त किंमतीतील हा बहुधा सर्वांत व्यवहार्य पर्याय.

तिसरा, नावगाव नसलेला 'लोकल' माल. आकार तोच आणि भोकेही जुळतात. आत कोणते रबर आहे ते मात्र कोणीच सांगू शकत नाही. नामांकित कंपनीचे नाव छापलेला बनावट माल हा याचाच अधिक धोकादायक प्रकार.

चौथा, भंगारातील गाडीतून काढलेला भाग. लोखंडी कंस, बोल्ट यांसाठी हा मार्ग ठीक आहे. रबराचे मात्र वापराप्रमाणेच वयानेही आयुष्य संपते. वीस वर्षांच्या गाडीतील रबर काढून वीस वर्षांच्या दुसऱ्या गाडीत बसविण्यात काही हशील नाही.

पाचवा, पॉलियुरेथेनचे कडक माउंटिंग. शर्यतीच्या गाड्यांत इंजिन जराही हलू नये म्हणून ते वापरतात. 'कधीच तुटणार नाही' असे सांगून कोणी ते सुचविल्यास, तुटणार नाही हे कदाचित खरे असेल. परंतु थरथर थांबविण्याचे काम ते करणार नाही, हेही तितकेच खरे.

आमची चूक

आता कबुलीजबाब. सुट्या भागांच्या दुकानात मला तीन दर सांगण्यात आले. लोकल माल मूळ भागाच्या जेमतेम एक-तृतीयांश किमतीत मिळत होता. हातात घेऊन दाबून पाहिला तर चांगला टणक लागला. टणक म्हणजे टिकाऊ, असा माझा ग्रह झाला. खोक्यावर नाव नव्हते, तारीख नव्हती, आणि पक्के बिलही मी मागितले नाही. मिस्त्री एवढेच म्हणाले, "आपकी मर्जी, सार."

गाडीचा हिसका थांबला, पण थरथर पूर्वीपेक्षा वाढली. आई एकदा बसली आणि नंजनगूडहून बसने परत येते म्हणाली. दोन महिन्यांनी सायलेन्सरचा पाइप धरून ठेवणारी पट्टी तडकली. माउंटिंग काढून पाहिले तेव्हा एका बाजूचे रबर धातूपासून सुटावयास लागले होते. इंजिन टांगून माउंटिंग काढण्या-बसविण्याची मजुरी भाग स्वस्त असो वा महाग, तेवढीच असते. ती मला दोनदा द्यावी लागली, पट्टीच्या दुरुस्तीचा खर्च निराळाच. पहिल्या खरेदीत वाचलेली रक्कम अशा रीतीने पुरती निघून गेली. आपण रोज काउंटरवर ग्राहकांना जे सांगतो, ते स्वतःच्या व्यवहारात विसरलो, याची खंत अधिक होती.

दुसऱ्या वेळी गाडीचा चासी क्रमांक देऊन भागांचे क्रमांक काढून घेतले. इंजिनाची दोन्ही माउंटिंग मूळ कंपनीची मागविली. ती यावयास तीन आठवडे लागले. गिअरबॉक्सचे माउंटिंग दुसऱ्या प्रकारातील, उत्पादकाच्या नावाचे घेतले. दोन्ही मालांची पक्की बिले घेतली.

निवडीच्या कसोट्या

या अनुभवातून हाती आलेल्या कसोट्या अशा :

१. भाग चासी क्रमांकावरून ठरवावा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल व डिझेल गाड्यांची माउंटिंग वेगळी असू शकतात. डावे व उजवे यांतही फरक असतो.

२. नव्या भागाची उंची जुन्याशी ताडून पाहू नये. जुना भाग वर्षानुवर्षांच्या वजनाने दबलेला असतो. त्याच्या मानाने योग्य भागही उंच वाटतो आणि चुकीचा भाग बरोबर वाटतो. भागाच्या क्रमांकावर विसंबावे.

३. बोटाने किंवा नखाने दाबून रबराची प्रत ठरवू नये. रबराचा कठीणपणा 'शोअर' या एककात उपकरणाने मोजतात. बोटाला लागणारा टणकपणा हा गुण नसून दोषही असू शकतो.

४. उत्पादनाची तारीख पाहावी. दुकानाच्या फळीवर उन्हात आणि उष्णतेत वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर न वापरताच म्हातारे होते. बारीक भेगा दिसल्यास भाग परत करावा.

५. रबर आणि धातू यांचा जोड सर्व बाजूंनी सलग असावा. मूळ भागावर ऑइल व उष्णता अडविणारे पत्र्याचे झाकण असेल, तर नव्यावरही ते हवेच.

६. काही आधुनिक डिझेल गाड्यांत द्रव भरलेली माउंटिंग असतात. त्यांतून काळपट द्रव गळू लागला की ती बाद समजावीत. त्यांच्या जागी भरीव रबराचा स्वस्त भाग बसवू नये. गाडीची रचनाच त्या द्रवाच्या हिशेबाने केलेली असते.

७. एकच माउंटिंग फाटले असले तरी बाकीच्यांची स्थिती पाहून शक्यतो संपूर्ण संच बदलावा. एक नवे आणि दोन दबलेली असतील, तर इंजिन तिरके बसते आणि नव्यावर अधिक भार येतो.

बसविण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. इंजिन उचलताना जॅक थेट ऑइलच्या चेंबरवर न लावता मध्ये लाकडी फळी ठेवावी. रबराला ग्रीस लावू नये. बोल्ट प्रथम हातानेच लावून इंजिन स्वतःच्या वजनाने बसू द्यावे, आणि मगच अखेरचे आवळावेत. अन्यथा रबर पहिल्या दिवसापासून पिळलेल्या अवस्थेत राहते. शेवटी पंखा आणि त्याचे आवरण यांतील अंतर, नळ्या आणि इंजिनापासून सांगाड्याकडे जाणारी अर्थिंगची पट्टी तपासावी.

हिशेबाची बाजू

बिलाविषयी दोन शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कराचा दर १८ टक्के झाला आहे; त्यापूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. म्हणजे पक्क्या बिलाने खरेदी करणे पूर्वीपेक्षा स्वस्त झाले आहे. भाग सदोष निघाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते, परंतु त्यासाठी खरेदीचा पुरावा हाती हवा. बिल न घेता वाचविलेला कर हा आपण स्वतःचाच गमावलेला हक्क असतो.

विमा येथे उपयोगी पडत नाही. वापराने होणारी झीज मोटार विम्यात समाविष्ट नसते. अपघातात माउंटिंग तुटले तरी सर्वसाधारण सर्वंकष पॉलिसीत रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा वजा होतो. म्हणून जुनी गाडी ठेवणाऱ्याने दरमहा थोडी रक्कम आवर्ती ठेवीत बाजूला टाकावी, असे मी अनुभवाने सुचवीन.

गाडी ठेवावी की विकावी, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने आपापल्या आकड्यांवर सोडवावयाचा आहे. आमच्या गाडीच्या नोंदणीचे २०२३ मध्ये ५,००० रुपये शुल्क भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण झालेले होते. इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासून घेतले, ते चांगले निघाले. तीन माउंटिंग, गळतीची दुरुस्ती आणि दोनदा दिलेली मजुरी, हे सारे मिळूनही पहिल्या अंदाजपत्रकाच्या एक-पंचमांशाच्या आत राहिले. कॉम्प्रेशन गेलेले असते किंवा सांगाडा गंजलेला असता, तर भावाचा सल्ला मी ऐकला असता.

गाडी आता पूर्ण नि:शब्द झाली आहे, असे मी म्हणणार नाही. जुन्या पद्धतीचे डिझेल इंजिन आपले अस्तित्व जाणवून देतच राहते. नवी माउंटिंग बसविल्यानंतरच्या रविवारी आईला मुद्दाम आग्रह केला नाही. गाडी दारात सुरू करून ठेवली. ती बाहेर आली, पुढच्या आसनावर बसली, दारावर हात ठेवून क्षणभर थांबली आणि म्हणाली, "चल, अण्णांची गाडी पुन्हा ठिकाणावर आली." त्या दिवशी आम्ही चामुंडी टेकडीवर गेलो आणि परतताना नंदीपाशीही थांबलो. बसचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या दारात अशी एखादी जुनी गाडी उभी असेल, त्यांनी ती थरथरू लागताच विक्रीची जाहिरात देण्याची घाई करू नये, आणि मिळेल ते रबर बसविण्याचीही करू नये. आधी निदान, मग गळतीचा बंदोबस्त, त्यानंतर योग्य क्रमांकाचा, तारखेचा आणि पक्क्या बिलाचा भाग, हा क्रम पाळावा. चांगले माउंटिंग बसविल्यानंतर त्याची आठवणही येत नाही. तेच त्याच्या उत्तम कामाचे प्रमाणपत्र होय.